ढकलणारा पट्टा : हुब फान डोर्न आणि बिनगियरची मोटार

पाना_पक्कड

ॲक्टिव्हाचं डाव्या बाजूचं लांबट झाकण उघडलं की आत दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक रुंद, काळा, दातेरी रबरी पट्टा दिसतो. पुढच्या पुलीच्या दोन तबकड्यांपैकी एक सरकती असते. इंजिनाचे फेरे वाढले की आतले रोलर बाहेर फेकले जातात, सरकत्या तबकडीला दुसरीच्या जवळ रेटतात, मधली फट अरुंद होते आणि पट्टा वर चढतो. पट्ट्याची लांबी तर वाढत नाही, म्हणून मागच्या पुलीत त्याला खाली उतरावं लागतं. तिथली स्प्रिंग दबते आणि तबकड्या फाकतात. पुढे मोठं वर्तुळ, मागे लहान, म्हणजे टॉप गियर. सुरुवातीला याच्या बरोबर उलट. मधे कुठेही गियर पडत नाही.

या यंत्रणेला सीव्हीटी (कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन, म्हणजे इंजिन आणि चाक यांच्या फेऱ्यांचं प्रमाण टप्प्यांशिवाय बदलणारी यंत्रणा) म्हणतात आणि आज ती आपल्या गल्लोगल्ली आहे. १९८४ साली पुण्याच्या फिरोदियांनी होंडाच्या सहकार्याने कायनेटिक होंडा आणली, तेव्हा चेतकच्या डाव्या मुठीत गियर फिरवायची सवय असलेल्या लोकांना तिची ओळख झाली. पण हीच गोष्ट चारचाकीत बसवायची, साध्या घराला परवडेल अशी गाडी करून विकायची आणि मग तिच्यातली मूळ उणीव काढायला उतारवयात पुन्हा कामाला लागायचं, हे एका डच माणसाने केलं. त्याच्याबद्दल मराठीत सलग काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

हुब फान डोर्न यांचा जन्म १ जानेवारी १९०० चा, नेदरलँड्सच्या लिम्बुर्ग प्रांतातला. गावाचं नाव अमेरिका. वडील लोहार. आयंडहोव्हनमधल्या एका बिअर कारखान्याचे चालक ह्यूंगेस यांची मोटार त्यांनी दुरुस्त करून दिली, त्या ओळखीतून भांडवल आणि जागा मिळाली, आणि १९२८ मध्ये स्वतःचं वर्कशॉप उभं राहिलं. धाकटा भाऊ विम व्यवहार बघायचा. १९३२ पासून ते ट्रेलर बनवू लागले आणि कंपनीला 'डॅफ' हे नाव पडलं.

ट्रकवाल्यांना डॅफ माहीत असते, पण पॉवर चाकापर्यंत कशी न्यायची हा प्रश्न हुब यांच्या डोक्यात पहिल्यापासून होता हे फार कुणी सांगत नाही. १९३० च्या दशकात लष्करातले कॅप्टन फान डेर ट्रॅपेन यांच्याबरोबर त्यांनी एक जोडणी तयार केली: बाजारात मिळणारा साधा फोर्ड किंवा शेव्हरोले ट्रक घ्यायचा, मागच्या आसाच्या दोन्ही टोकांना झुलते बीम लावायचे आणि दोनाच्या जागी चार चालती चाकं करायची. त्यामुळे चिखलातून, शेतातून तोफा ओढता यायला लागल्या. १९४१ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांनी शहरात एकट्याने फिरण्यासाठी एक चिंचोळी तीनचाकी केली. तिला लोक 'चालता रेनकोट' म्हणत. युद्धानंतर लष्करी ट्रकसाठी केलेली मांडणी तर मला फार आवडते: गाडीच्या मध्यभागी एकच डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरचा संच) आणि तिथून चारही कोपऱ्यांकडे जाणारे दांडे.

१९५८ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात डॅफ ६०० दाखवली गेली. दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं ५९० सीसी इंजिन, ताकद जेमतेम २२ हॉर्सपॉवर. आणि गियरचा दांडाच नाही! एक छोटी कांडी, पुढे ढकलली की गाडी पुढे, मागे ओढली की मागे. या यंत्रणेचं नाव व्हेरिओमॅटिक.

ती कशी चालायची ते सांगतो. इंजिनाला लागून सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे फेरे वाढले की आपोआप धरणारा. तिथून लांब शाफ्ट मागे. मागे बेव्हल गियर (फिरण्याची दिशा काटकोनात वळवणारे तिरपे दाते) आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक सरकती पुली. दोन पट्टे, दोन मागच्या पुल्या, प्रत्येक पट्टा आपापल्या बाजूचं चाक फिरवतो. डिफरन्शियल नाहीच. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरायला हवं, तर त्या बाजूचा पट्टा आपलं प्रमाण थोडं बदलून घेतो. एक चाक बर्फात किंवा चिखलात फिरत राहिलं तरी दुसऱ्याची ताकद जात नाही. आज ज्याला लिमिटेड स्लिप म्हणून जास्तीचे पैसे मोजतात, ते या स्वस्त गाडीत रचनेतूनच मिळत होतं.

शिवाय पुढच्या पुल्या फक्त फेऱ्यांवर अवलंबून नव्हत्या. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्युम एका पडद्यावर आणून त्याचाही दाब तबकड्यांवर दिला होता. हलका पाय ठेवून चाललात की व्हॅक्युम जास्त, पट्टा वर चढायला मदत, इंजिन शांत. पाय पूर्ण दाबलात की व्हॅक्युम पडतो, पट्टा खाली उतरतो, गाडीला ओढ मिळते. आपल्या स्कूटरमध्ये हा भाग नाही. यंत्राला ड्रायव्हरच्या मनातलं कळावं म्हणून १९५८ साली, एकही इलेक्ट्रॉनिक भाग न वापरता, केलेली ही युक्ती मला फार मोठी वाटते.

पुढे या रबरी पट्ट्याच्या जागी त्यांनी आणलेल्या पोलादी पट्ट्याबद्दल स्वतंत्र लिहितो, तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

निळी_स्कूटी

वा, सुंदर लेख. मी रोज जी गाडी चालवते तिच्या पोटात काय चाललंय ते आज नीट कळलं. एक शंका. तुम्ही लिहिलंत की कांडी मागे ओढली की गाडी मागे जाते. मग मागे जाताना पण पट्टा वर चढतच असेल ना? म्हणजे रिव्हर्समध्ये सुद्धा सगळे 'गियर' मिळणार?

पाना_पक्कड

बरोबर पकडलंत. दिशा बदलणारा बेव्हल गियर पुल्यांच्या आधी आहे. त्यामुळे पुल्यांना गाडी पुढे चालली की मागे हे कळतच नाही, त्या आपलं पूर्ण प्रमाण वापरतात. डॅफ मागे सुद्धा तितक्याच वेगाने जाऊ शकत होती. नेदरलँड्समध्ये पुढे या जुन्या गाड्यांच्या चक्क उलट्या दिशेने धावायच्या शर्यती होत असत, टीव्हीवर दाखवत. लोक हसत बघायचे, पण यंत्र म्हणून त्यात नवल आहेच.

मेकॅनिकल_९४

लेख चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सरकत्या तबकड्यांची पुली फान डोर्न यांची नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन रीव्ह्स यांनी लाकूड कापायच्या गिरणीत करवतीचा वेग बदलण्यासाठी १८७९ मध्ये अशी पुली केली आणि १८९६ मध्ये ती स्वतःच्या मोटारगाडीत बसवली. इंग्लंडमध्ये झेनिथ ग्रॅज्युआ मोटारसायकलवर पहिल्या महायुद्धाआधीच असा पट्टा होता. चढावरच्या शर्यतींत ती इतकी वरचढ ठरली की अनेक ठिकाणी तिला भाग घ्यायलाच बंदी झाली, आणि कंपनीने 'बंदी' हा शब्दच आपल्या चिन्हात घेतला. रज मल्टी ही दुसरी. आइल ऑफ मॅनची १९१४ ची सीनियर टीटी ही मोटारसायकल शर्यत तिने जिंकली. तेव्हा कल्पनेचं श्रेय वाटून द्यायला हवं.

पाना_पक्कड

@मेकॅनिकल_९४, ही भर मोलाची आहे, मनापासून आभार. रज मल्टीत दोन्ही पुल्या एका लांब दांड्याने हाताने बदलायच्या. ग्रॅज्युआत इंजिनाची पुली बदलायची आणि पट्टा ढिला पडू नये म्हणून मागचं चाकच पुढे-मागे सरकायचं. म्हणजे चालवणाऱ्याने ठरवायचं. फान डोर्न यांनी हा निर्णय माणसाच्या हातातून काढून यंत्राकडे दिला: फेरे, व्हॅक्युम आणि स्प्रिंग यांच्या आपसातल्या ओढाताणीतून प्रमाण ठरतं. आणि ते लाखो गाड्यांत, सामान्य माणसाच्या हातात, वर्षानुवर्षं चाललं. पुली जुनी आहे. ती स्वतः विचार करायला लागली ती इथे, असं माझं मत आहे.

आयंडहोव्हनकर

नोकरीनिमित्त इथे राहतो. आयंडहोव्हनमध्ये आता मराठी कुटुंबं बरीच आहेत, गणपतीत एकमेकांना भेटतो. ज्यांना जमेल त्यांनी इथलं डॅफ म्युझियम अवश्य बघा. हुब यांनी जिथे सुरुवात केली त्याच जागेवर ते आहे. जुने ट्रेलर, ट्रक, डॅफ ६०० पासूनच्या सगळ्या छोट्या गाड्या, आणि वर उल्लेख केलेला तो 'रेनकोट'ही. मुलं ट्रककडे धावतात, मी मात्र कापून ठेवलेल्या व्हेरिओमॅटिकपाशी बराच वेळ उभा होतो. इथल्या वयस्कर शेजाऱ्यांशी डॅफचा विषय काढला की चेहरे उजळतात. कुणाची आजी त्या गाडीवर शिकलेली असते, कुणाची शाळेतली बाई डॅफ चालवायची. तरुणपणी मात्र याच लोकांना ती गाडी 'म्हाताऱ्यांची' वाटायची असंही ते सांगतात.

डॅफची ट्रक कंपनी १९९६ पासून अमेरिकेच्या पॅकारकडे आहे आणि पॅकारचं एक तांत्रिक केंद्र पुण्यात आहे.

जुनं_खोड

पाना_पक्कड, एक आठवण जोडतो. १९६८ ची लंडन–सिडनी मॅरेथॉन. २४ नोव्हेंबरला लंडनहून निघालेल्या गाड्या इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत आपल्या मुंबईत आल्या आणि इथून 'चुसान' बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. आमच्याकडे तेव्हा घरात त्याच गोष्टी. त्या ताफ्यात डॅफ ५५ होत्या, याच रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या. डच चालक रॉब स्लोटेमाकर यांची डॅफ सिडनीपर्यंत गेली. अफगाणिस्तानातले घाट, दिल्ली–मुंबईचा त्या काळचा रस्ता आणि मग ऑस्ट्रेलियातलं वाळवंट. ज्यांना ही यंत्रणा नाजूक वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

निळी_स्कूटी

काका, हे माहीतच नव्हतं. मुंबईच्या गोदीत उभ्या राहिलेल्या त्या गाड्यांचे फोटो कुणाकडे असतील तर कृपया टाका.

घाटमाथा

मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो, राग मानू नये. माझ्याकडे पेट्रोल सीव्हीटी आहे, कंपनीचं नाव घेत नाही. शहरात सुख आहे. पण खंबाटकी चढताना पाय दाबला की इंजिन ओरडायला लागतं आणि गाडी मात्र आपल्या गतीने येते. उतारावर गाडी सुटल्यासारखी वाटते, सारखा ब्रेक. वर्षभरापूर्वी हळू वेगात झटके बसायला लागले, सर्व्हिस सेंटरने 'असंच असतं' म्हणून पाठवलं. शेवटी बाहेरच्या एका जाणकाराकडे गेलो, त्याने आधी भरलेलं तेल काढून बरोबर तेल घातलं आणि झटके गेले. इतकी नाजूक यंत्रणा आपल्या रस्त्यांना हवीच कशाला?

हायवे_गॅरेज

@घाटमाथा, तुमचा प्रश्न रोज ऐकतो. सीव्हीटीचं तेल हे फक्त वंगण नाही. पोलादी पट्टा पुलीला धरतो तो त्या तेलाच्या पापुद्र्यातून, त्यामुळे त्या तेलाला विशिष्ट पकड असावी लागते. कुणी साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलं की झटके, घसरण आणि पुढे पुलीवर ओरखडे. ओरखडा पडला की खर्च मोठा. मॅन्युअलमध्ये जे तेल लिहिलंय तेच, दुसरं नाही.

घाट उतरताना दांडा 'एल' मध्ये किंवा 'एस' मध्ये घ्या. मग ती यंत्रणा पट्टा खालच्या प्रमाणात धरून ठेवते आणि इंजिन गाडीला आवरतं. पुष्कळ लोक 'डी' मध्येच उतरतात आणि खाली आल्यावर ब्रेकचा जळका वास येतो म्हणून गाडी घेऊन येतात. चढाला पाय एकदम दाबू नका, अर्धा दाबून धरा, गाडी स्वतः जुळवून घेते.

स्कूटरवाल्यांसाठी: पिकअप पडला, फेरे चढतात पण गाडी ओढत नाही, तर पट्टा झिजून अरुंद झालाय किंवा त्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात. हळू वेगात खडखड येत असेल तर व्हेरिएटरचे (पुढच्या सरकत्या पुलीतले) रोलर एका बाजूने चपटे झालेले असतात. पट्टा तुटेपर्यंत वाट बघू नये. तुटलेल्या पट्ट्याचे दोरे क्लचमध्ये गुंतले की काम वाढतं.

पाना_पक्कड

@घाटमाथा, राग कसला, तुमच्या तक्रारीतच पुढची गोष्ट आहे. डॅफच्या उतारावरही हीच अडचण होती, म्हणून डॅशबोर्डवर एक बटण दिलं होतं. ते ओढलं की व्हॅक्युमचा परिणाम बदलायचा आणि इंजिन ब्रेकिंग मिळायचं.

आता पोलादी पट्टा.

रबरी पट्ट्याला मर्यादा होत्या. तो जागा खूप घेतो, गरम होतो, झिजतो, आणि मोठ्या इंजिनाची ताकद त्याला झेपत नाही. डॅफ ४४, ५५, ६६ अशा गाड्या मोठ्या होत गेल्या, इंजिनं वाढली, आणि पट्टे दमायला लागले. १९७० च्या दशकात डॅफचा मोटारगाड्यांचा विभाग व्होल्वोकडे गेला. १९७६ ची व्होल्वो ३४३ सुरुवातीला फक्त व्हेरिओमॅटिकसह विकली जात होती, मग त्यांनाही हाती गियरची आवृत्ती काढावी लागली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की ही कल्पना संपली.

हुब फान डोर्न मात्र कंपनीच्या रोजच्या कारभारातून बाजूला झाल्यावर याच प्रश्नावर बसले होते. १९७२ मध्ये 'फान डोर्नेस ट्रान्समिसी' ही वेगळी कंपनी निघाली, पुढे टिलबर्गला. ध्येय एकच: रबराच्या जागी धातू.

धातूची साखळी वापरता आली असती, आणि तशा सीव्हीटी आहेतही. साखळीत एका दुव्याने दुसऱ्याला ओढायचं, म्हणजे प्रत्येक पिनेवर ताण. फान डोर्न यांचा मार्ग निराळा. पोलादाच्या पातळ, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या शेकडो चकत्या घ्यायच्या. प्रत्येक चकतीच्या दोन्ही खांद्यांखाली एकेक खाच. त्या खाचांतून अतिशय पातळ पोलादी कड्यांचे दोन गठ्ठे जातात. एकेक कडं मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकं पातळ, एकात एक बसवलेली नऊ ते बारा कडी. चकत्या कड्यांना कुठेही जोडलेल्या नाहीत, नुसत्या ओळीने बसवलेल्या.

आता पुढची पुली फिरली. ती चकत्यांना चिमटीत धरते आणि पुढे रेटते. चकती पुढच्या चकतीला ढकलते, ती तिच्या पुढच्या. बोरघाटात कर्जतहून मागे लावलेली बँकर इंजिनं जशी अख्खी गाडी लोणावळ्याकडे ढकलत नेतात, तशी ताकद एका पुलीपासून दुसरीपर्यंत ढकलत जाते. मग ती ओळ मधेच वाकून बाहेर का पडत नाही? कारण कड्यांचे गठ्ठे ताणलेले आहेत, ते चकत्यांना सरळ रेषेत आवळून धरतात. कड्यांचं काम आवळण्याचं, चकत्यांचं काम ढकलण्याचं. पोलाद दाबाला फार दमदार, म्हणून ताकद दाबातून न्यायची. आणि पातळ कडी पुलीभोवती न तुटता वाकतात, म्हणून वाकण्याचं काम त्यांना. चकतीच्या एका बाजूला बारीक उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला तसाच खळगा असतो, त्यामुळे शेजारच्या चकत्या एका ओळीत राहतात. खालचा भाग किंचित निमुळता, म्हणून पुलीभोवती वळताना त्या एकमेकींवर झुकू शकतात.

पट्टा म्हटलं की ओढणं, ही शेकडो वर्षांची समजूत या माणसाने सत्तरी ओलांडताना बाजूला ठेवली. मला यात त्यांचं सगळ्यात मोठं काम दिसतं. पहिल्या गाडीचं यश पाठीशी होतं, कारखाना होता, नाव होतं, तिथे थांबले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं.

त्यांना त्याचं उत्पादन पाहायला मिळालं नाही. २३ मे १९७९ ला ते गेले. १९८७ मध्ये सुबारू जस्टी हा पोलादी पट्टा घेऊन रस्त्यावर आली, त्याच सुमारास युरोपात फोर्ड फिएस्टा आणि फिएट उनो. १९९५ मध्ये बॉशने कंपनी घेतली. पुढे निस्सान मुरानोच्या साडेतीन लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनालाही पट्ट्याची सीव्हीटी जोडली गेली. २२ हॉर्सपॉवरपासून तिथपर्यंत.

आणि @घाटमाथा, इंजिन ओरडतं ते यासाठी: पाय दाबला की यंत्रणा इंजिनाला ताकदीच्या फेऱ्यांवर नेऊन ठेवते आणि गाडीचा वेग मागून तिथे पोहोचतो. कानाला सवय असते फेरे आणि वेग बरोबर चढण्याची. हिशेबाने ते बरोबरच आहे, पण माणसाला ते पटत नाही हेही खरंच. म्हणून आता बऱ्याच कंपन्या मुद्दाम पायऱ्यांसारखे टप्पे घालतात. टोयोटाने २०१८ मध्ये तर सुरुवातीच्या धक्क्यासाठी एक खरा पहिला गियर घातला आणि त्यानंतरचं काम पट्ट्याकडे दिलं.

मेकॅनिकल_९४

हे स्पष्टीकरण वर्गात शिकवायला घ्यावं असं आहे. भर घालतो: या यंत्रणेची उणीव तेलाच्या पंपात आहे. पट्टा घसरू नये म्हणून पुल्या सतत जोरात आवळून धराव्या लागतात, तो दाब पंप देतो आणि पंप इंजिनाची ताकद खातो. गियरची जोडी याबाबतीत काटकसरी. म्हणून हमरस्त्यावर एकाच वेगाने जाताना सीव्हीटीचा फायदा कमी होतो आणि गर्दीच्या शहरात जास्त. पुणेकरांना ती आवडते यात नवल नाही.

शर्यतीचंही लिहायला हवं. १९६७ मध्ये डॅफने फॉर्म्युला थ्री गाडीत व्हेरिओमॅटिक बसवली होती, खाइस फान लेनेप आणि माइक बेकविथ ती चालवत. आणि १९९३ मध्ये विल्यम्स संघाने आपल्या एफडब्ल्यू १५ सी या फॉर्म्युला वन गाडीत पोलादी पट्ट्याची सीव्हीटी घालून पाहिली. डेव्हिड कुल्टहार्ड यांनी चाचणी घेतली. इंजिन सतत आपल्या सर्वोत्तम फेऱ्यांवर, आवाज एकाच सुरात. १९९४ च्या नियमांत गियर ठरावीक संख्येचेच हवेत असं आलं आणि दार बंद झालं. ग्रॅज्युआच्या वेळी झालं तेच, ऐंशीएक वर्षांनी.

पाना_पक्कड

ग्रॅज्युआ आणि विल्यम्स ही जोडी तुम्ही छान लावलीत. त्या बंदीची मला आजही हळहळ वाटते. शर्यतीत दोन हंगाम मिळाले असते तर पट्ट्याची ताकद झेलण्याची क्षमता किती पुढे गेली असती.

निळी_स्कूटी

आमच्या घरी नवीन गाडीची चर्चा चालू आहे. शोरूममध्ये टोयोटाची हायब्रिड हायरायडर दाखवली, त्यात 'ई-सीव्हीटी' म्हणाले. म्हणजे त्यातही हाच पोलादी पट्टा का?

मेकॅनिकल_९४

नाही. तिथे पट्टाच नाही, सरकत्या पुल्याही नाहीत. एक प्लॅनेटरी गियरसेट (मधल्या गियरभोवती छोटे गियर फिरतात असा संच) आणि दोन मोटर-जनरेटर. इंजिन गियरसेटच्या एका अंगाला, एक मोटर दुसऱ्या अंगाला, चाकं तिसऱ्याला. पहिल्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकं यांच्यातलं प्रमाण आपोआप बदलतं. टोयोटाच्या १९९७ च्या प्रियसपासूनची रचना. प्रमाण अखंड बदलतं म्हणून नावात सीव्हीटी आहे, पण गियर कायम एकमेकांत गुंतलेले असतात, घसरण नाही. त्या गाडीबद्दल पट्ट्याची काळजी करू नका. साधी पेट्रोल सीव्हीटी घेणार असाल, तर वर हायवे_गॅरेज यांनी लिहिलंय ते तेलाचं पाळा.

आयंडहोव्हनकर

टिलबर्ग इथून जवळच आहे, पट्टे तिथे बनत आले आहेत. बॉशचा दुसरा कारखाना व्हिएतनाममध्येही आहे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पूर्वी या क्षेत्रात होते, ते सांगत होते की चकतीपेक्षा कडं बनवणं अवघड: पोलादाची नळी कापून, लाटून, ताणून, प्रत्येक कड्याची लांबी आतल्या-बाहेरच्या कड्याशी जुळेल अशी करायची. गठ्ठ्यातलं एकही कडं सैल किंवा घट्ट चालत नाही. पाना_पक्कड यांनी कड्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचल्यावर त्या बोलण्याचा अर्थ आज पूर्ण कळला.

घाटमाथा

सर्वांचे आभार. काल खंबाटकी उतरताना 'एल' मध्ये घेऊन पाहिलं, ब्रेकला पाय फार लावावा लागला नाही. गाडीबद्दलचं मत थोडं बदललंय. अजून एक विचारतो: रस्त्यात बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेली तर चालेल का? मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीत एकाला तसं करताना पाहिलं होतं.

हायवे_गॅरेज

नका नेऊ. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद. पंप बंद म्हणजे पुल्यांवर दाब नाही आणि पट्ट्याला तेलही नाही. चाकं फिरत राहिली की आतले भाग कोरडे फिरतात आणि पोलादी पट्टा नि पुली एकमेकांना खरवडतात. पुढची चाकं चालती असतील तर ती उचलून न्या, नाहीतर सरळ सपाट गाडीवर चढवून न्या. अगदी वाहतुकीतून बाजूला घेण्यापुरती न्यूट्रलमध्ये हाताने ढकलली तर काही होत नाही. ताम्हिणीत मोबाइलला रेंज जाते, म्हणून निघण्याआधीच रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा आणि फोन करताना 'सीव्हीटी आहे, फ्लॅटबेडच पाठवा' असं स्पष्ट सांगा.